पिंजरे जोडीवरून नव्हे, पिल्लांवरून मोजा

प्रश्न : (एका वाचक ताईंचं पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून थोडक्यात.) वडील निवृत्त झाले तेव्हा भावाने त्यांना एक पिवळा कॅनरी पक्षी आणून दिला. वर्षभर त्याने घर गाण्याने भरून टाकलं. वडील रोज सकाळी त्याच्याशेजारी बसून पेपर वाचतात. गेला महिनाभर मात्र तो गप्प आहे आणि पिंजऱ्याच्या तळाशी रोज पिसं सापडतात. घरातल्या सगळ्यांचं एकच म्हणणं आहे : तो एकटा पडलाय, मादी आणा, गाणंही परत येईल आणि पिल्लंही होतील. सध्याचा पिंजरा गोल, घुमटाचा, टीव्हीच्या बाजूला टांगलेला आहे. ओळखीतले एक गृहस्थ पक्षी पाळणं बंद करताहेत आणि सगळं जुनं सामान एकगठ्ठा देऊ म्हणतात. त्यात चार खणांचा लाकडी पिंजरा, भोकं असलेल्या घरट्याच्या पेट्या, मातीच्या वाट्या, प्लास्टिकची खोटी अंडी आणि एक छोटं इन्क्युबेटर आहे. हे घ्यावं का? नवा पिंजरा घ्यायचा तर तारांचा की पेटीसारखा, आणि केवढा? ब्रीडिंगला नेमकं काय काय लागतं?

उत्तर :

ताई, सामानाकडे नंतर येऊ. तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तळाशी पडलेली ती पिसं आहेत, आणि तिचा एकटेपणाशी संबंध असेल असं मला वाटत नाही.

कॅनरी वर्षातून एकदा अंगावरची जुनी पिसं टाकून नवी आणतो. पक्षी पाळणारे त्याला मोल्टिंग म्हणतात. हे काम सहा ते आठ आठवडे चालतं, कधी त्याहूनही जास्त. एवढ्याशा जिवाला, ज्याचं सगळं वजन जेमतेम 20 ग्रॅमच्या आसपास असतं, त्याला सबंध अंगाची पिसं नव्याने तयार करायची असतात. त्या काळात नराचं गाणं बंद पडतं किंवा कुजबुजीइतकं उरतं. हे त्याच्या शरीराच्या ऋतुचक्रातलंच आहे. फर्नांडो नॉटेबोम या संशोधकाने 1981 साली कॅनरीवरच काम करून दाखवलं की नराच्या मेंदूतला गाण्याशी निगडित भाग वसंतात मोठा असतो आणि शरदात बराच लहान होतो. पुढच्या मोसमात तो पुन्हा वाढतो आणि पक्षी आपल्या गाण्यात नवे तुकडेही जोडतो. म्हणजे वडिलांना कदाचित पुढच्या वर्षी थोडं वेगळं गाणं ऐकायला मिळेल.

तरी एकदा नीट बघून घ्या. पिसं गळताहेत पण पक्षी खातोय, दांडीवरून दांडीवर जातोय, डोळे टवटवीत आहेत, तर काळजीचं कारण नाही. पण तो दिवसाही अंग फुगवून बसत असेल, श्वासागणिक शेपूट खालीवर होत असेल, चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल, किंवा रात्री शांततेत कान दिल्यावर श्वासाबरोबर टिकटिक ऐकू येत असेल, तर ते श्वासनलिकेतल्या माइटचं (अंगावर किंवा अंगात जगणारा अगदी बारीक जीव) किंवा दुसऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं. मग वाट न बघता पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.

आता टीव्हीचं. पिंजरा टीव्हीजवळ आहे, म्हणजे रात्री उशिरापर्यंत त्याच्यावर उजेड पडत असणार. कॅनरीचं सगळं वेळापत्रक उजेडावर चालतं. दिवस मोठा व्हायला लागला की शरीर विणीच्या तयारीला लागतं, लहान व्हायला लागला की पिसं टाकायला लागतं. रोज रात्री दिवे कधी नऊला तर कधी बाराला बंद होत असतील तर त्याच्या शरीराला ऋतूचा पत्ताच लागत नाही. मग मोल्टिंग लांबतं, मध्येच थांबून पुन्हा सुरू होतं, आणि गाणं महिनोन् महिने परत येत नाही. तेव्हा सगळ्यात आधी पिंजऱ्याची जागा बदला. संध्याकाळ झाली की त्याचीही संध्याकाळ व्हायला हवी. मंद, शांत खोली मिळाली तर उत्तमच. नाही तर पिंजऱ्याच्या तीन बाजू जाड कापडाने झाका, चौथी हवेसाठी मोकळी ठेवा.

मादी आणली की गाणं परत येईल, हा घरातला दुसरा समज. मला वाटतं इथे थोडं थांबून वडिलांनाच विचारायला हवं की त्यांना गाणं हवंय की पिल्लं. कारण या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून येत नाहीत. नर गातो तो बराचसा आपली हद्द सांगायला आणि मादीला बोलवायला. मादी त्याच पिंजऱ्यात आली की पुष्कळ नरांचं गाणं कमी होतं. म्हणूनच गाण्यासाठी पक्षी ठेवणारे लोक नराला एकटाच ठेवतात. पिल्लं भरवायच्या दिवसांत तर त्याला गायला फुरसतच नसते.

‘पण रानात तर ते थव्याने राहतात ना?’ हा प्रश्न रास्त आहे. कॅनरी, मदिरा आणि अझोरिस या अटलांटिकमधल्या बेटांवर त्यांचे रानटी भाईबंद विणीचा काळ सोडून थव्यात दिसतात. फरक एवढाच की थव्यातल्या पक्ष्याला नको झालं तर उडून जाता येतं. पिंजऱ्यात तशी सोय नसते. मोसम नसताना नर-मादीला एकत्र कोंडलं तर दाण्याच्या भांड्यावरून, दांडीवरच्या जागेवरून टोचाटोची सुरू होते आणि दबकून राहणारा पक्षी खंगत जातो. एकटा कॅनरी माणसांच्या वावरात, पुरेशा मोठ्या पिंजऱ्यात, आनंदाने राहतो. त्यामुळे मादी आणली नाही तर त्याच्यावर अन्याय होतो, हे ओझं मनावर ठेवू नका.

अन्याय होतोय तो पिंजऱ्याच्या आकाराने. गोल घुमटाचा पिंजरा दिसायला देखणा असतो, पण कॅनरी वर-खाली चढणारा पक्षी नाही. तो आडवा उडतो. त्याला लांबी हवी. दोन टोकांना दोन दांड्या आणि मध्ये पंख पूर्ण उघडून मारता येतील एवढी मोकळी जागा, हा त्याचा व्यायाम. गोल पिंजऱ्यात ही जागा मिळतच नाही. शिवाय घुमटाच्या टोकाशी तारा एकमेकींच्या जवळ येतात, तिथे नख किंवा पाय अडकण्याची भीती असते. एका नरासाठी किमान 60 सेंटिमीटर लांब पिंजरा घ्या, जागा असेल तर 75 किंवा 90. उंची आणि खोली 40च्या आसपास पुरते. उंचीवर खर्च करू नका, लांबीवर करा. दोन तारांमधलं अंतर 1 ते 1.2 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पोपटासाठीच्या पिंजऱ्यातून कॅनरी डोकं बाहेर काढतो, आणि काढलेलं डोकं परत आत घेता येत नाही तेव्हा काय होतं ते सांगायला नको.

दांडीकडे कोणी फारसं बघत नाही, पण पक्षी चोवीस तास तिच्यावरच उभा असतो. पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या प्लास्टिकच्या दांड्या सगळ्या एकाच जाडीच्या आणि गुळगुळीत असतात. त्यावर पाय रोज त्याच जागी दाबला जातो, तळवा लाल होतो, मग सोलवटतो, मग सुजतो. एकदा त्याच्या पायाकडे जवळून पाहा. बोटं दांडीला साधारण तीन चतुर्थांश वेढून बसली पाहिजेत. पुढच्या आणि मागच्या बोटांची नखं एकमेकांना भिडत असतील तर दांडी बारीक आहे, बोटं वरच सपाट पसरलेली दिसत असतील तर जाड. 10 ते 14 मिलिमीटर जाडी बहुतेकांना जमते. सालीसकट असलेली, फवारणी न झालेल्या झाडाची फांदी सगळ्यात चांगली, कारण तिची जाडी जागोजागी बदलते. ती धुऊन, वाळवून लावा. एक दांडी दुसरीच्या बरोबर खाली नको, नाही तर वरची विष्ठा खालच्या दांडीवर पडते. पाण्याच्या भांड्यावरही नको. टोकाची दांडी तारांपासून इतकी दूर असू द्या की वळताना शेपूट घासणार नाही. नखं झिजावीत म्हणून दांडीवर चढवायचं सॅंडपेपरचं आवरण विकत मिळतं. त्याने नखं झिजत नाहीत, तळवे मात्र सोलतात. ते घेऊच नका.

इथवरचं सगळं, म्हणजे चौकोनी लांब पिंजरा, नीट दांड्या आणि वेळेवर अंधार, तुम्ही मादी आणा वा न आणा, करायलाच हवं. पिल्लं हवीत असं वडिलांचं आणि तुमचं ठरलं तरच पुढचं वाचून कामाला लागा.

ब्रीडिंगचं सामान घेताना जवळजवळ प्रत्येक नवा माणूस जोड्या मोजतो. एक जोडी, म्हणजे एक पिंजरा. माझं सांगणं उलट आहे. शेवटून मोजायला सुरुवात करा. मादी साधारण तीन ते पाच अंडी घालते. ती 13-14 दिवस उबवते. पिल्लं अडीच आठवड्यांच्या आसपास घरट्याबाहेर येतात, पण स्वतः दाणे फोडून खायला त्यांना आणखी दहा-बारा दिवस लागतात. घोळ होतो तो याच दिवसांत, कारण पहिली पिल्लं धड खायला शिकायच्या आत मादी दुसऱ्या वेळच्या अंड्यांची तयारी सुरू करते. तिला घरटं हवं असतं, त्यासाठी मऊ काहीतरी हवं असतं, आणि समोर पिल्लांच्या अंगावर मऊ पिसं असतात. मादी तीच उपटायला लागते. म्हणजे एका जोडीच्या घरात महिन्याभरात एक अंड्यावर बसलेली मादी, एक नर आणि चार अर्धवट शिकलेली पिल्लं असतात, आणि या तिघांना वेगवेगळी जागा लागते. मोसमात दोनदा अंडी घातली तर आठ पिल्लं होऊ शकतात. त्यांतले नर काही महिन्यांत गळा साफ करायला लागतात, आणि पुढच्या वसंतापर्यंत एकमेकांवर तुटून पडतात. प्रत्येक नराला वेगळा पिंजरा लागतो. एका जोडीने सुरू झालेलं घर वर्षात दहा पक्ष्यांचं होतं, ते असं.

म्हणून पहिला प्रश्न ‘ब्रीडिंगचा पिंजरा कोणता’ हा नाहीच. ती आठ पिल्लं कुठे राहतील, हा आहे. ज्यांच्याकडे ती जाणार आहेत ती माणसं मादी आणण्याआधीच ठरलेली असावीत, आणि त्यांना पक्षी सांभाळायची खरोखर हौस असावी. उत्तर ‘एक-दोनच ठेवू शकतो’ असं आलं, तर एकदाच अंडी घालू द्या आणि घरटं काढून घ्या. तेही अगदी चांगलं उत्तर आहे. तसंही एका मोसमात दोनदापेक्षा जास्त वेळा मादीला बसू देऊ नये, ती झिजते.

जोडीसाठी मी डबल ब्रीडिंग केज घेईन, म्हणजे मध्ये सरकतं पार्टिशन असलेला, साधारण 90 ते 100 सेंटिमीटर लांब पिंजरा. पार्टिशन दोन हवीत, एक तारांचं आणि एक बंद. हा एकच पिंजरा विणीतल्या निम्म्या अडचणी सोडवतो. सुरुवातीला नर एका बाजूला, मादी दुसऱ्या बाजूला, मध्ये बंद पार्टिशन. काही दिवसांनी त्या जागी तारांचं. मग फक्त बघत बसा. नर ताराजवळ येऊन गातो, मादी आधी पाठ फिरवते, मग हळूहळू जवळ येते. एक दिवस ती अंग दबवून, पंख थरथरवत चोच उघडते आणि तो तारांतून तिला दाणा भरवतो. ती चोचीत धागे घेऊन इकडेतिकडे मिरवायलाही लागली असेल, तर पार्टिशन काढायची वेळ झाली. त्याआधी घाई केली तर मारामारी होते. आणि पुढे मादी दुसऱ्या अंड्यांच्या मागे लागली की पिल्लं तारांच्या पार्टिशनपलीकडे ठेवायची. आईबाप तारांतून त्यांना भरवत राहतात, पण त्यांची पिसं वाचतात.

तारांचा की पेटीसारखा, असं तुम्ही विचारलंत. विणीसाठी पेटीसारखा, म्हणजे मागची, वरची आणि दोन्ही बाजू बंद, फक्त पुढे तारा. तीन बाजूंनी आडोसा असला की मादी निश्चिंत बसते, वाऱ्याचा झोत लागत नाही, शेजारच्या पिंजऱ्यातला नर दिसून भांडण उकरत नाही. मात्र जिथे हवा दमट आणि उष्ण असते तिथे बंद पेटीत कोंडल्यासारखं होतं. अशा ठिकाणी चारही बाजूंनी तारांचा पिंजरा भिंतीला लावून, मागे आणि एका बाजूला पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा पत्रा लावला तरी तेच काम होतं. पिल्लांसाठी मात्र तारांचा, जमेल तेवढा लांब, 120 सेंटिमीटर किंवा अधिक. तिथेच ती उडायला शिकतात. पिल्लं घरट्याबाहेर यायच्या सुमाराला तळाची जाळी काढून नुसता कागद पसरा. नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू बराच वेळ तळावरच असतं आणि जाळीत पाय अडकून मोडतो.

आता त्या गृहस्थांचं सामान. त्यांना सांगायला संकोच वाटेल, पण एकगठ्ठा घेऊ नका. लाकडी पिंजरा तर नकोच. लाकडाच्या सांध्यांत, दांडीच्या खोबणीत, खिळ्यांच्या भोकांत लाल माइट राहते. ती दिवसा दिसत नाही, रात्री बाहेर येऊन झोपलेल्या पक्ष्याचं रक्त पिते आणि पहाटे परत फटीत जाते. पक्षी नसले तरी उपाशी राहून ती कित्येक महिने जगते, त्यामुळे ‘पिंजरा वर्षभर रिकामाच पडलाय’ या बोलण्यावर विसंबू नका. मोठा पक्षी तिच्यामुळे निस्तेज होतो, घरट्यातली पिल्लं रक्त कमी होऊन मरतात. तुमच्या सध्याच्या पिंजऱ्यावरही एक साधी परीक्षा करून बघा. रात्री पांढरा सुती कपडा त्यावर टाका आणि उजाडायच्या आत टॉर्चने कपड्याची आतली बाजू, घड्या तपासा. लाल किंवा राखाडी, टाचणीच्या टोकाएवढे हलणारे ठिपके दिसले तर तीच. जुन्या पिंजऱ्यावरचा रंगही कशाचा आहे कळत नाही, त्यात शिसं असू शकतं. गॅल्वनाइज्ड तारांत जस्त असतं. कॅनरी पोपटासारखा तारा चावत बसत नाही, त्यामुळे त्याला धोका कमी, पण नव्या जाळीवर जस्ताचे सुटे कण किंवा गोळे दिसत असतील तर ती ब्रशने व्हिनेगर लावून घासून, धुऊन, वाळवूनच वापरावी. पावडर कोटिंग केलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा पिंजरा निर्धास्त, आणि धुवायलाही सोपा.

भोकांच्या पेट्या बजरींना, म्हणजे छोट्या पाळीव पोपटांना लागतात, कॅनरीला नाही. त्याला वरून उघडी वाटी लागते, कारण रानातही तो झाडाच्या फांदीत वाटीसारखं उघडंच घरटं बांधतो. इन्क्युबेटर तर अजिबात नको, आणि यावर मी जरा ठासून बोलतो, कारण ते विकत घेऊन पस्तावणारे खूप आहेत. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही वेळातच उभं राहतं, दाणे टिपतं. कॅनरीचं पिल्लू दोन ग्रॅमही वजन नसलेलं, उघडंनागडं, डोळे मिटलेलं असतं, आणि दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्याला थोड्या थोड्या वेळाने भरवावं लागतं. यंत्र अंडं उबवेल, पण त्यापुढे भरवणार कोण? अनुभवी माणसालाही ते हाताने क्वचितच साधतं.

मातीच्या वाट्या चांगल्या आहेत, त्या घ्या. 10-11 सेंटिमीटर व्यासाच्या आणि 5-6 सेंटिमीटर खोल असतील तर उत्तम. खोटी अंडीही घ्या. वाट्यांवर उकळतं पाणी ओता, अंडी कडक गरम साबणपाण्यात धुवा, आणि मग सगळं उन्हात वाळवा. वाटीला आत मऊ फेल्टचं अस्तर लावून टाके घाला, म्हणजे मादीने उकरलं तरी ते निघत नाही. घरटं बांधायला नारळाच्या काथ्याचे किंवा तागाचे धागे द्या, पण पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत. लांब धागा, केस, लोकर, उशीतला कृत्रिम कापूस यातलं काहीही नको. धाग्याचा पीळ पिल्लाच्या पायाला बसतो, पाय वाढतो तसा पीळ घट्ट होतो आणि रक्त थांबतं. बाहेरून काही दिसत नाही, फक्त पिल्लू आई उठते तेव्हा तिच्याबरोबर घरट्याबाहेर ओढलं जातं. म्हणून पिल्लं आठवड्याची झाली की एकदा प्रत्येकाचा पाय जवळून बघावा.

खोट्या अंड्यांचा उपयोग असा. मादी रोज सकाळी एक अंडं घालते आणि पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसायला लागते. तसंच राहू दिलं तर पिल्लंही एकेक दिवसाच्या अंतराने निघतात. पहिलं पिल्लू तीन दिवसांचं होऊन मान उंच करतं तेव्हा शेवटचं नुकतंच बाहेर येतं, आणि चारा नेहमी सर्वांत उंच चोचीत जातो. मागचं पिल्लू भुकेने जातं. म्हणून रोज सकाळी खरं अंडं चमच्याने उचलून त्या जागी खोटं ठेवायचं. खरी अंडी बारीक दाणे पसरलेल्या वाटीत, साध्या खोलीच्या हवेत ठेवायची आणि दिवसातून दोनदा हलकेच फिरवायची. चौथं अंडं आलं की सगळी एकदम परत. मग पिल्लं जवळजवळ बरोबरीने निघतात. पाच ते सात दिवसांनी अंड्यामागे छोटा टॉर्च धरला की आत लालसर रेषा दिसतात. न दिसणारी अंडी रिकामी.

बाकी सामान थोडकं आहे. बाहेरून दाराला लावायचं आंघोळीचं भांडं घ्याच. अंड्यांवर बसलेली मादी आंघोळ करून ओल्या अंगाने परत बसते, त्याचा अंड्यांना फायदा होतो. दाणा आणि पाणी बाहेरून भरता येईल अशी भांडी घ्या, म्हणजे रोज हात आत घालावा लागत नाही. उकडलेल्या अंड्याचं मऊ खाद्य देण्यासाठी एक वेगळी उथळ वाटी हवी, कारण ते गरम हवेत काही तासांतच खराब होतं आणि ती वाटी लगेच काढून धुता आली पाहिजे. समुद्रफेस (कटलफिश या समुद्री जिवाचं पांढरं, ठिसूळ कवच) तारांना अडकवून ठेवा, तो मादीला कॅल्शियमसाठी लागतोच. रात्री एक अगदी मंद दिवा असू द्या. अंधारात एकदम दचकून मादी घरट्यावरून उडाली तर तिला परत घरटं सापडत नाही आणि अंडी गार पडतात. आणि पिंजरा बाहेर किंवा उघड्या खिडकीत ठेवणार असाल तर बारीक मच्छरदाणी लावा. कॅनरीला होणारा देवीसारखा जीवघेणा रोग डासांनी पसरतो.

पिंजरा कुठेही ठेवा, स्वयंपाकघराजवळ नको. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या आवरणातून निघणाऱ्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो. त्याची श्वसनसंस्था अशी आहे की श्वास घेताना आणि सोडतानाही फुप्फुसातून ताजी हवा वाहते, त्यामुळे हवेतलं विषही त्याला माणसापेक्षा फार लवकर लागतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला 1986 पर्यंत कॅनरी ठेवत ते याच कारणाने. अगरबत्ती, डास मारण्याच्या वड्या, सुगंधी फवारे हेही त्याच्या खोलीत नकोत.

वेळेचं म्हणाल तर तुमच्या हातात भरपूर वेळ आहे, आणि हे चांगलं आहे. पिसं टाकणारा नर विणीला लायक नसतो, तेव्हा आत्ता मादी आणून काहीच साधणार नाही. आधी त्याला लांब पिंजऱ्यात हलवा, मोल्टिंग पूर्ण होऊ द्या, गाणं परत येऊ द्या. कदाचित तेवढ्यानेच वडिलांचं समाधान होईल आणि मादीचा विषय आपोआप मागे पडेल. तरीही हवीच असेल, तर डबल पिंजरा आणि पिल्लांचा पिंजरा घरात आल्यानंतरच मादी आणा. तिला किमान महिनाभर दुसऱ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवा, म्हणजे तिच्याबरोबर आलेला आजार त्याला लागणार नाही, आणि रोज आधी त्याचं दाणापाणी, साफसफाई करून मग तिचं करा, उलट नको. ती वर्षाच्या आसपासची, निरोगी असावी. तुमच्या नराच्या डोक्यावर शेंडी असेल तर मादी बिनशेंडीची निवडा. दोघेही शेंडीवाले असले तर काही पिल्लं अंड्यातच मरतात. मग दिवस हळूहळू लांबवत न्या, आठवड्याला पंधरा ते तीस मिनिटं, 13-14 तासांपर्यंत. टायमर लावलेला दिवा असला तर हे तुमच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

आणि मादी घरात येण्याआधी पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर शोधून ठेवा, रात्रीअपरात्री फोन उचलणारा. मादीच्या पोटात अंडं अडकलं तर हातात फार थोडे तास असतात. मादी तळाशी फुगून, डोळे अर्धवट मिटून बसलेली दिसली, शेपूट हलत असेल, घरट्यात अंडं नसेल, तर पोट दाबून बघू नका आणि तेल वगैरेचे घरगुती उपाय करू नका. छोट्या खोक्यात मऊ कपड्यावर ठेवून ऊब द्या आणि तशीच डॉक्टरकडे घेऊन निघा.